नाताळ : एका शब्दाचे कूळ आणि मूळ

‘नाताळ’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम भेटतो तो सुट्टीच्या रूपाने. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, पहाटेची थंडी बोचू लागलेली असते आणि वर्गात कुणीतरी बोटांवर दिवस मोजीत असतो : नाताळच्या सुट्टीला आता इतकेच दिवस उरले. हा सण ख्रिस्ती बांधवांचा आहे, येशू ख्रिस्ताच्या जन्माचा तो दिवस आहे, हे पुढे कळते. परंतु या दिवसाला नाताळ का म्हणावयाचे, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. रोजच्या वापरातील नाण्यावरचा छाप आपण कुठे निरखून पाहतो?

माझ्या परिचयाच्या एका भाषाप्रेमी गृहस्थांनी मात्र हे नाणे माझ्यापुढे टाकले. ते म्हणाले, “नाताळ हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्या गळ्यात बांधलेला आहे. ज्यांनी देवळे पाडली, आपली भाषा बोलण्यास बंदी केली, त्यांचा हा शब्द आपण अजून का वागवावा? ‘ख्रिस्तजयंती’ हा स्वच्छ शब्द आपल्यापाशी असताना नाताळची गरजच काय?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परक्या शब्दांविषयीची चिकित्सा मराठीत फार जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला ‘राजव्यवहारकोश’ हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच रचला गेला. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ यांसारखे तिचे शब्द आज आपण सहज वापरतो. तेव्हा एखादा शब्द ठेवावा की टाकावा, हा विचार करण्याचा अधिकार भाषेला आहे. मात्र तो करण्यापूर्वी त्या शब्दाची नीट ओळख करून घ्यावी. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे म्हणतात. शब्दाच्या बाबतीत हा संकेत मोडलेलाच बरा.

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला, हे खरे. पोर्तुगीज शब्द ‘नाताल’. पोर्तुगीज उच्चारात शब्दाच्या शेवटचा ‘ल’ जड असतो. कोकणी आणि मराठी कानांनी तो ‘ळ’ असा ऐकला आणि तसाच जिभेवर बसविला. पोर्तुगिजांनी तो आपली जननी लॅटिन हिच्याकडून घेतला. लॅटिनमध्ये ‘नातालिस’ म्हणजे जन्मासंबंधीचा, आणि ‘दिएस नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. इटालियन भाषेतील ‘नाताले’, फ्रेंचांचा ‘नोएल’, वेल्श लोकांचा ‘नादोलिग’ ही सारी याच मूळ शब्दाची अपत्ये. इंग्रजीतील ‘ख्रिसमस’ची घडण निराळी आहे, त्याचा अर्थ ख्रिस्ताचा मिस्सा, म्हणजे त्या दिवशीची उपासना. इंग्रजी शब्द त्या दिवशीच्या विधीकडे बोट दाखवितो, तर नाताळ हा शब्द सरळ जन्माकडे.

आता आणखी एक पाऊल मागे जाऊ. ‘नातालिस’ हा शब्द ‘नातुस’ म्हणजे ‘जन्मलेला’ या शब्दापासून झाला, आणि ‘नातुस’चे जुने रूप ‘ग्नातुस’ असे होते. लॅटिनमधील हा ‘ग्न’ आणि संस्कृतातील ‘जन्’ हे एकाच प्राचीन धातूचे दोन अवतार आहेत. जन, जननी, जन्म, जात, जातक हे शब्द ज्या धातूचे, त्याच धातूचे लॅटिन वंशज नातुस आणि नातालिस. आणखी एक शब्द येथे आठवतो. संस्कृतात ‘ज्ञाति’ म्हणजे आप्त, एका कुळात जन्मलेला. व्युत्पत्तिशास्त्र या शब्दाचा संबंध ज्ञानाच्या ‘ज्ञा’शी न जोडता जन्माच्या धातूशीच जोडते, आणि याच ज्ञातीच्या घराण्यात आपला ‘नाते’ हा शब्द येतो. लॅटिनने ‘ग्न’मधला ‘ग’ गाळला आणि आपल्या प्राकृतांनी ‘ज्ञ’मधला ‘ज’ गाळला. दोन्हीकडे ‘ना’ उरला. म्हणून नाताळ आणि नाते यांच्यातील साम्य हा नुसता यमकाचा खेळ नव्हे. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही दोन भावंडे. एक भूमार्गाने आपल्या घरात आले, दुसरे रोम आणि लिस्बन करीत समुद्रमार्गाने आले.

या शब्दाच्या अर्थालाही एक इतिहास आहे. रोमन लोक माणसांचे जन्मदिवस पाळीत, तसे देवालयांचे पाळीत, आणि २१ एप्रिल हा तर खुद्द रोम नगरीचाच जन्मदिवस मानीत. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना मात्र जन्मदिवस साजरा करण्याची ही चाल फारशी रुचत नसे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने असे दाखवून दिले, की धर्मग्रंथात वाढदिवसाची मेजवानी करताना दिसतात ते फारो आणि हेरोद यांसारखे राजे, संतसज्जन नव्हेत. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांचा मृत्युदिवस हाच त्यांचा ‘नातालिस’ असे हे ख्रिस्ती लोक म्हणू लागले, कारण त्या दिवशी ते अनंत जीवनात जन्मले अशी त्यांची भावना. मराठी मनाला ही कल्पना परकी वाटू नये. तुकाराम बीज आणि एकनाथ षष्ठी हे त्या संतांच्या प्रयाणाचे दिवस, आणि आळंदीला कार्तिकात यात्रा भरते ती ज्ञानदेवांच्या समाधीची. जन्माचा सोहळा आपण प्रामुख्याने अवतारांचा करतो : रामनवमीला मध्यान्ही, गोकुळाष्टमीला मध्यरात्री. ख्रिस्ती पंचांगातही संतांचे दिवस बहुधा त्यांच्या मृत्यूचेच असतात. जन्माचे उत्सव तीनच : येशूचा, त्याची माता मारिया हिचा आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा.

येशूच्या जन्माची तिथी शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख सापडतो तो इसवी सन ३५४ मधील एका रोमन पंचांगात. त्याच पंचांगात त्याच तारखेला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस, म्हणजे सूर्यदेवाचा जन्मदिवस, असाही निर्देश आहे, सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये या अजिंक्य सूर्याचे मंदिर रोममध्ये उभारले होते. मकरवृत्ताकडे गेलेला सूर्य परतू लागतो त्या सुमाराचा हा दिवस. काही विद्वान म्हणतात, सूर्याच्या सणाच्या जागी ख्रिस्ताचा सण आला. दुसरे म्हणतात, २५ मार्च ही गर्भधारणेची तिथी धरून नऊ महिने मोजल्यावर ही तारीख आपोआप आली. दोन्ही पक्षांत एवढे समान आहे की, अंधार सरण्याच्या ऋतूत प्रकाशाचा जन्म मानण्यात त्या काळच्या माणसांना औचित्य दिसले. आर्मेनियाचे ख्रिस्ती लोक मात्र आजही ६ जानेवारीलाच हा उत्सव करतात.

रोममध्ये स्थिरावलेला हा शब्द हिंदुस्थानच्या वाटेला लागला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस, आणि वाटेत एका प्रदेशाला आपले नाव देऊन गेला. वास्को द गामाची जहाजे १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेचे दक्षिण टोक वळून उत्तरेकडे निघाली होती. नाताळचा सण आला तेव्हा जो किनारा डावीकडे दिसत होता, त्याला त्यांनी नाताळ हेच नाव दिले. पुढच्या मे महिन्यात ती जहाजे कालिकतला लागली. जो नाताळ प्रांत गांधीजींच्या चरित्रात आपण वाचतो, जेथे १८६० पासून हजारो हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये म्हणून नेले गेले, आणि जेथे १८९४ मध्ये ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ स्थापन झाली, तो हाच किनारा. आज त्या प्रांताचे नाव क्वाझुलू-नाताळ आहे.

हिंदी महासागराच्या काठाने पोर्तुगीज जेथे जेथे वसले, तेथे तेथे हा शब्द मागे राहिला. दमण आणि दीव यांच्या शेजारची गुजराती ‘नाताल’ म्हणते. सिंहली भाषेत हा सण ‘नत्तल’ आहे, श्रीलंकेच्या तमिळात ‘नत्तार’, आणि दूर इंडोनेशियात पुन्हा ‘नाताल’. किनारा सोडून देशाच्या आत गेले की शब्द पालटतो. इंदूर, ग्वाल्हेर किंवा काशी येथे राहणाऱ्या मराठी माणसाने हिंदीत ‘बडा दिन’ ऐकलेला असतो. कोलकात्यातील मराठी मंडळींच्या कानांवर ‘बडोदिन’ येतो. वास्तविक डिसेंबरातील तो दिवस घड्याळाच्या मापाने अगदी लहान. पण महत्त्वाने मोठा, आणि येथून पुढे वाढू लागणारा. केरळातील प्राचीन सुरियानी ख्रिस्ती तर पोर्तुगिजांच्या कितीतरी शतके आधीपासून या भूमीत आहेत. त्यांच्यात या सणाला ‘येल्दो’ म्हणतात. तो शब्द येशूच्या मातृभाषेच्या घराण्यातील, आणि त्याचाही अर्थ जन्म हाच. एका सणाची ही निरनिराळी नावे नकाशावर मांडली, तर कोणत्या प्रदेशात हा सण कोणत्या वाटेने पोहोचला, हे त्यावरून वाचता येते.

आपल्या कोकणपट्टीवर तो आला तो गलबतांतून, आणि त्या गलबतांवर तोफाही होत्या. हे विसरून चालणार नाही. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना लिहून दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधीचा. पुढे गोव्यात देवळे पाडली गेली. १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये तर तेथील सरकारने फर्मान काढले, की प्रजेने तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकून आपली बोली टाकून द्यावी. माझ्या स्नेह्यांच्या आक्षेपामागे हा सगळा इतिहास उभा आहे, आणि तो खोटा नाही.

पण त्याच भूमीत, त्याच शतकात, दुसरेही काही घडत होते. १५७९ मध्ये टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक गोव्यास आला आणि उरलेले आयुष्य त्याने तेथेच घालविले. साष्टीच्या गावांतून हिंडता हिंडता तो कोकणी शिकला आणि मराठी शिकला. ख्रिस्ताची कथा लोकांना सांगावयाची तर ती त्यांच्या पुराणांच्या थाटात सांगितली पाहिजे, हे त्याने ओळखले, आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले आहे, आणि मराठीची केलेली स्तुती तर आपल्या प्रत्येक भाषाभक्ताला ठाऊक आहे. राज्यकर्ते भाषा पुसून टाकण्याचा हुकूम काढणार होते. त्यांच्याच धर्माचा हा माणूस त्या भाषेच्या पायाशी बसून लिहीत होता. इतिहासाच्या एकाच पानावर या दोन्ही नोंदी आहेत, आणि त्यांतील एक खोडून दुसरी वाचता येत नाही.

फर्मानाचे पुढे काय झाले, हेही आपण जाणतो. लोकांनी बोली टाकली नाही. उलट पोर्तुगिजांचेच शब्द त्यांनी घेतले आणि आपल्या व्याकरणाला जुंपले. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, बादली, पगार, लिलाव ही यादी प्रत्येक मराठी घरातली आहे. परंतु हे शब्द वस्तूंबरोबर आणि व्यवहाराबरोबर आले. बाजारात जे मिळाले त्याचे नावही घरी आले. नाताळ हा शब्द बाजारात मिळणारा नव्हता. तो टिकला, कारण ज्यांच्या घरी तो सण होता, ती माणसे येथलीच होती. धर्म बदलला तरी त्यांची शेते, त्यांची बोली आणि त्यांची पाककृती बदलली नाही. गोव्यात आणि मंगळुरात नाताळचा फराळ शेजाऱ्यांकडे पाठविण्याची रीत आहे. मंगळुरी घरांत या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’ या शब्दात सांगतात. पण ताटावरचे वस्त्र बाजूला केले की दिसतात त्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आणि नारळ-गुळाचे पदार्थ. दिवाळीला गेलेले ताट नाताळला भरून परत येते. गोठ्याचा देखावा मांडताना मराठी ख्रिस्ती घरात बाळ येशूला ठेवतात ते ‘गव्हाणी’त, आणि हा शब्द कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

वसईचे उदाहरण याहून बोलके आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तेथील पोर्तुगिजांचे दोनशेहून अधिक वर्षांचे राज्य संपले. किल्ला सोडून जाणाऱ्यांशी झालेल्या करारात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल अशी तरतूद होती. परके राज्य गेले, पण नाताळ गेला नाही. कारण तो आता वसईच्या वाडीत केळी आणि पानवेली पिकविणाऱ्या माणसांचा होता. पुढच्या शतकात अहमदनगरच्या बाजूला अमेरिकन मिशनमुळे मराठी प्रॉटेस्टंट समाज उभा राहिला. त्याचा पोर्तुगिजांशी काडीमात्र संबंध नव्हता. त्याच्या धर्मोपदेशकांची भाषा इंग्रजी होती आणि ‘ख्रिसमस’ हा शब्द त्यांच्या ओठांवर होता. तरी त्या समाजाच्या मराठीतही सणाचे नाव नाताळ हेच रूढ झाले. शब्द तोवर पोर्तुगिजांचा राहिलाच नव्हता. तो मराठीचा झाला होता.

आणि शेवटची कसोटी तर विसाव्या शतकात लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली आणि अवघ्या सहा दिवसांनी २५ डिसेंबर उजाडला. जे राज्य हा शब्द घेऊन आले होते, ते आता नव्हते. गव्हर्नर जनरल युद्धकैदी होता. पण मांडवीच्या आणि जुवारीच्या काठच्या गावांत त्या मध्यरात्रीही चर्चच्या घंटा वाजावयाच्याच होत्या. गोव्यात चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. स्वतंत्र गोव्याचा तो पहिला नाताळ. त्याला नवे नाव द्यावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण परका जो होता तो गेला होता आणि जे मागे राहिले होते ते घरचे होते.

माझ्या स्नेह्यांना मी जे उत्तर दिले, ते एवढेच. ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्द चांगला आहे, तो अवश्य वापरावा. मराठीच्या घरात दोन्हींना जागा आहे. परंतु एखाद्या सणाचे नाव ज्यांचा तो सण आहे त्यांच्या तोंडून घ्यावे, ही साधी रीत आहे. दिवाळीला आपण काय म्हणावे हे दुसऱ्याने ठरविलेले आपल्याला चालेल काय? जुलमाचा इतिहास लिहावा, शिकवावा, विसरू नये. पण त्याचा राग काढण्यासाठी शब्दाला हद्दपार केले, तर ती शिक्षा गव्हर्नराला होत नाही. ती होते आपल्या शेजारच्या माणसाला, ज्याच्या आजीने आणि पणजीने हाच शब्द उच्चारून आपल्या आजीकडे करंज्यांचे ताट पाठविलेले असते.

ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “नाताळ आणि नाते हे शब्द खरोखरच एका कुळातले?” मी म्हणालो, “खरोखरच.” “मग राहू द्या,” ते म्हणाले. त्या डिसेंबरात त्यांचे भेटकार्ड मला आले. त्यावर त्यांनी आपल्या नेहमीच्या रेखीव बाळबोध अक्षरांत लिहिले होते : नाताळच्या शुभेच्छा.